अख्खा वर्ग हजर

मार्लीस पेनर वर्गात शिरली तेव्हा तिला वाटलं, आपण लवकर आलो. दोनशे खुर्च्यांचं ते उतरतं सभागृह ओस पडलं होतं. ती तिसऱ्या रांगेत बसली. टोपी काढली, हातमोजे काढले, गळपट्टा सोडला, एकावर एक चढवलेले दोन कोट उतरवले. जानेवारीत आमच्या ओटावात एवढं सगळं सोलून होईपर्यंत एरवी वर्ग गच्च भरतो. त्या दिवशी भरला नाही. मग दार उघडलं आणि साठीकडे झुकलेले एक गृहस्थ चामड्याची जुनी बॅग सांभाळत आत आले. त्यांनी मंचावरचा माइक सुरू केला, घसा खाकरला, रिकाम्या खुर्च्यांवरून पार मागच्या भिंतीपर्यंत नजर फिरवली आणि फ्रेंचमध्ये विचारलं,

“आपण सर्वजण उपस्थित आहात काय?”

मार्लीसने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

“होय,” तीही फ्रेंचमध्ये म्हणाली. “आम्ही उपस्थित आहोत.”

“उत्तम. तर आपण प्रारंभ करू या.”

आमच्या विद्यापीठात सगळं दोनदा असतं. पाट्या दोनदा, सूचना दोनदा, दिलगिरी दोनदा. एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये. विषयही दोनदा शिकवतात. ‘संशोधनाच्या पद्धती’ हा सक्तीचा विषय मार्लीसने तीन वर्षं टाळला होता, कारण त्यात आकडेमोड होती. चौथ्या वर्षी टाळायला जागा उरली नाही, तेव्हा ती नोंदणीच्या खिडकीशी गेली.

“इंग्रजीचा वर्ग फुल्ल आहे गं,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या. “प्रतीक्षायादीसुद्धा फुल्ल.”

“आणि फ्रेंचचा?”

“तिथे आहेत जागा.”

“किती?”

बाईंनी संगणकाकडे पाहिलं, मग मार्लीसच्या तोंडाकडे पाहिलं. “भरपूर,” त्या म्हणाल्या.

मार्लीस मॅनिटोबातल्या स्टाइनबाख गावची. घरात इंग्रजी, आजीचं चर्चमधलं जर्मन, आणि शाळेत फ्रेंच. ते फ्रेंच ज्या बाईंनी शिकवलं त्याही ते शाळेतच शिकलेल्या. त्या फ्रेंचमध्ये तिला हवामान, कुटुंब आणि उन्हाळ्याची सुट्टी एवढ्या विषयांवर छान बोलता यायचं. तेवढ्या भांडवलावर एका सरकारी खात्याने तिला कायमची नोकरी देऊ केली होती. मे महिन्यात हजर व्हायचं, पदवी हातात घेऊन. पदवीला हा एक विषय तेवढा बाकी होता. तिच्या वडिलांनी, हार्वे पेनरांनी, ही बातमी रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना सांगून टाकली होती, आणि ज्यांना सांगायची राहिली त्यांच्या घरी जाऊन सांगितली होती.

मार्लीसचा स्वभाव मऊ. कोणी तिच्या पायावर पाय दिला तर सॉरी ती म्हणायची. अशी माणसं आमच्याकडे पोत्याने सापडतात, पण मार्लीस त्यांच्यातही उठून दिसायची. एकदा ती ग्रंथालयाच्या काचेच्या दारावर आपटली आणि दाराला सॉरी म्हणाली. दार तिच्यापुढे नंतरही उघडलं नाही.

तिच्याबरोबर राहणारी ओडील मात्र हॉक्सबरीची, अस्सल फ्रेंच घरातली. मार्लीस रोज सकाळी तिच्याशी मोठ्या हौसेने फ्रेंचमध्ये बोलायला घ्यायची आणि ओडील इंग्रजीत उत्तर द्यायची.

“अगं, मी फ्रेंचमध्ये बोलतेय ना तुझ्याशी!”

“कळतंय गं बाई. पण मला आजच्या आज अंघोळही करायची आहे.”

ओडीलचंही काही चुकत नव्हतं. आमच्या शहराची रीतच तशी आहे. कोणी फ्रेंच बोलताना अडखळला की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो. बिचाऱ्याला त्रास नको, एवढाच हेतू. या दयाळूपणापायी कित्येक जणांचं फ्रेंच जागच्या जागी कुजून गेलंय. मार्लीस चार वर्षं अडखळत होती आणि चार वर्षं सगळे तिच्यावर दया करत होते. म्हणून बॅग घेऊन आलेल्या त्या प्राध्यापकांचा, मस्यू ब्रिझब्वांचा, तिला पहिल्या दिवशी अचंबा वाटला. तीन तासांत ती तीसेक वेळा अडखळली असेल. पण हा गृहस्थ इंग्रजीवर आला नाही म्हणजे नाही.

“एक शब्द काढला नाही गं इंग्रजीचा,” तिने ओडीलला सांगितलं.

“आडनाव काय?”

“ब्रिझब्वा. ओरेल ब्रिझब्वा.”

“अरे देवा. म्हणजे जुन्या वळणाचा. जपून राहा हं. अशा लोकांच्या आजोबांनी फ्रेंच शाळेसाठी पोलिसांचा मार खाल्लेला असतो. त्यांच्यासमोर इंग्रजी बोललीस तर मेलीस.”

मार्लीस दुसऱ्या आठवड्यात खचली. विषय कळत नव्हता, भाषा कळत नव्हती, आणि दोन्ही कळत नसल्याचं लपवायला पुढच्या रांगेत कोणाची पाठसुद्धा नव्हती. वर्ग सोडायचा, मोकळं व्हायचं, उन्हाळ्यात इंग्रजीतून करायचा, खात्याच्या हातापाया पडून थोडी मुदत मागायची, असं ठरवून ती ब्रिझब्वांच्या खोलीवर गेली. ती खोली तळघरात होती आणि तासिका तत्त्वावरचे चार जण ती वापरायचे. ब्रिझब्वा कोपऱ्यातल्या टेबलाशी डब्यातलं थंड सँडविच खात होते. तिला पाहून ते धडपडत उठले.

“आपले स्वागत असो,” ते म्हणाले. “मला आपणास काही सांगायचे होतेच. कार्यालयाची इच्छा होती की हा वर्ग रद्द व्हावा. मी त्यांना म्हणालो, एक विद्यार्थिनी आहे. ती आहे, तोवर वर्ग आहे. ती गेली, तर वर्ग गेला.”

एवढं बोलून ते थांबले आणि मोठ्या आशेने तिच्याकडे पाहू लागले. मार्लीसने ती आशा पाहिली, उसवलेली बॅग पाहिली, थंड सँडविच पाहिलं. या माणसाचं पोट आपल्यावर चाललंय!

“परंतु आपण कशासाठी आला होतात?” ब्रिझब्वांनी विचारलं.

“मी... खिडकी,” मार्लीस म्हणाली. “वर्गाची खिडकी. तीतून थंडी येते.”

ब्रिझब्वांचा चेहरा का पडला ते तिला कळलं नाही. “मी खिडकीविषयी कळवीन,” ते म्हणाले. त्या सभागृहाला खिडकी नव्हती.

तेव्हापासून मार्लीस पेनर म्हणजे वर्ग, असं झालं. दुसऱ्या वर्गांत मुलं दांड्या मारतात, डुलक्या काढतात, फोनमध्ये डोकं घालून बसतात. हिला यातलं एकही सुख नाही. हिने डोळे मिटले की अख्खा वर्ग झोपला. फेब्रुवारीत शहरामधून जाणारा कालवा गोठला, सगळं शहर त्यावर घसरायला गेलं, आणि मार्लीसला सणसणून फ्लू झाला. तरी ती दोन ब्लँकेटं पांघरून वर्गात गेली, कारण आपण गेलो नाही तर ते कोणाला शिकवतील? ब्रिझब्वांनाही फ्लू झाला होता. तेही आले होते. तीन तास एक जण माइकवर खोकत होता आणि एक जण माइकशिवाय, आणि मधल्या वेळात सरासरीविषयी काहीतरी चाललं होतं.

ब्रिझब्वांना अभ्यासक्रमाबाहेर पाऊल टाकायचं धाडस नव्हतं. अभ्यासक्रमात लिहिलं होतं, वर्गाचे चार-चारांचे गट करावेत. “आपण गट करावेत,” ते म्हणाले आणि पाठ फिरवून उभे राहिले. मार्लीसने जागा बदलली. मग गटाने सादरीकरण केलं. “आमच्या गटात काही मतभेद होते,” असं तिने प्रामाणिकपणे सांगितलं. वर्गप्रतिनिधीची निवडणूक झाली. ती एकमताने निवडून आली आणि तेव्हापासून दर महिन्याला विद्यार्थ्यांच्या सभेत उभं राहून ‘वर्गात अस्वस्थता आहे’ असं सांगू लागली. सत्राच्या मधल्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा ब्रिझब्वांनी फळ्यावर नियमाप्रमाणे सर्वात जास्त गुण, सर्वात कमी गुण आणि सरासरी लिहिली. तिन्ही आकडे एकच होते, आणि तो आकडा पास होण्याच्या बऱ्याच खाली होता.

“सरासरी समाधानकारक नाही,” ते माइकवर कष्टाने म्हणाले. “काही विद्यार्थी मागे पडत आहेत.”

मार्लीस त्या रात्री रडली. नियमाने तिला निबंध आणि परीक्षा इंग्रजीत लिहायची मुभा होती. आमच्याकडे वर्ग कुठल्याही भाषेतला असो, लिहिणाऱ्याने आपल्या भाषेत लिहावं, तो त्याचा हक्क. पण ओडीलचं बोलणं तिच्या मनात बसलं होतं. ज्याच्या आजोबांनी मार खाल्ला त्याच्या हातात इंग्रजी कागद कसा द्यायचा? म्हणून ती शब्दकोश उशाशी घेऊन फ्रेंचमध्येच लिहीत राहिली. वर्ग सोडायची मुदतही तोवर उलटून गेली होती. आता पास व्हायचं नाहीतर नोकरी घालवायची, तिसरी वाट नव्हती. आणि वडील फोनवर विचारत होते, “काय गं, तुझ्या ऑफिसच्या खोलीला खिडकी असणार का? इथे चर्चमधली यूस्टिना फ्रीझन विचारत होती.”

खरी शोभा मार्चमध्ये कॉफीच्या दुकानात झाली. तीन तासांच्या मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी असे. मार्लीस त्या वेळात कोपऱ्यावरच्या दुकानात पळायची. आठवड्यातली तेवढीच पंधरा मिनिटं तिला इंग्रजीत श्वास घेता यायचा. त्या दिवशी ती रांगेत उभी होती आणि मागे दार वाजलं. ब्रिझब्वा! तिला पाहून तेही दचकले, पण माघारी फिरणं बरं दिसलं नसतं.

“हॅलो, बाँजूर!” काउंटरवरचा पोरगा म्हणाला. आमच्याकडे प्रत्येक काउंटरवर असं दोन्ही म्हणतात. ज्यात उत्तर द्याल त्यात पुढचं बोलणं होतं. मार्लीसला नेहमीची कॉफी हवी होती. तिने मान वर केली, पाठीवर ब्रिझब्वांची नजर जाणवली, आणि ती म्हणाली, “बाँजूर.”

पोरगा नदीच्या पलीकडच्या किनाऱ्यावरचा, फ्रेंच मुलखातला निघाला. त्याची गाडी अशी सुटली की मार्लीसला त्यात एकही ओळखीचं स्टेशन दिसेना. त्याने काहीतरी विचारलं. ती “होय” म्हणाली. त्याने आणखी विचारलं. “होय.” त्याने भुवया उंचावून विचारलं. “होय, कृपया,” ती म्हणाली. मग ब्रिझब्वांची पाळी आली. तेही ताठ मानेने “बाँजूर” म्हणाले आणि त्यानंतर तिच्यापेक्षाही जास्त वेळा “होय” म्हणाले. एवढ्या मोठ्या फ्रेंच माणसाला एवढ्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतायत म्हणजे त्यांची आवड फार चोखंदळ असणार, असं तिला वाटलं.

सुट्टी संपली तेव्हा दोघं वर्गाकडे परत चालले होते. मार्लीसच्या हातात चाळीस छोट्या गोल डोनटांचा डबा आणि बर्फ घातलेलं लिंबाचं सरबत होतं. बाहेर उणे अठरा होतं. ब्रिझब्वांकडे वाटाण्याचं सूप होतं, तीन वाट्या.

“आपणास सूप प्रिय आहे,” मार्लीस म्हणाली.

“अतिशय,” ब्रिझब्वा खिन्नपणे म्हणाले.

एप्रिलच्या सुरुवातीला बॉम्ब पडला. डीनबाई मादाम लाफ्रेन्येर हजेरीचे आकडे पाहत होत्या. इंग्रजी वर्गात निम्मी मुलं गायब, आणि या फ्रेंच वर्गात संपूर्ण सत्रात शंभर टक्के हजेरी! फ्लूच्या दिवसांतसुद्धा! बाईंचा ऊर भरून आला. फ्रेंच वर्ग बंद करा म्हणणाऱ्यांना त्यांनी बरीच वर्षं तोंड दिलं होतं. त्यांनी निरोप पाठवला की शेवटच्या तासाला मी स्वतः येऊन बसणार.

निरोप वाचून ब्रिझब्वा पांढरेफटक पडले. मार्लीस तर त्याहून. आपलं फ्रेंच ऐकून बाई म्हणणार, हेच शिकवलंत का हो चार महिने? या म्हाताऱ्याची आपल्यापायी नाचक्की होणार! तिने एक चांगला प्रश्न तयार केला, ओडीलच्या पाया पडून तो दुरुस्त करून घेतला, पाठ केला, आणि आरशासमोर म्हणून पाहिला.

“वा,” ओडील इंग्रजीत म्हणाली. “आणि त्याने उत्तर दिलं तर काय करशील?”

डीनबाई आल्या आणि सर्वात मागे बसल्या. इथे एकच विद्यार्थिनी आहे हे त्यांना तिथे बसल्यावर कळलं. आकडेवारीत फक्त टक्के होते. पण त्या मुरलेल्या बाई, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. ब्रिझब्वांनी घडाघडा व्याख्यान म्हटलं. मार्लीसने हात वर केला, घडाघडा प्रश्न म्हटला. ब्रिझब्वांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने त्यांच्या घराला आग लावलीय. “हा उत्तम प्रश्न आहे,” ते म्हणाले. “यावर सर्वांनी घरी विचार करावा.”

मग डीनबाई उठून पुढे आल्या आणि दोघांमध्ये उभं राहून भरभरून बोलल्या. एक लांबलचक, मायेचं, घरगुती फ्रेंच वाक्य, शेवटी प्रश्नचिन्ह. बहुधा प्रश्नचिन्हच असावं, कारण त्या उत्तराची वाट पाहू लागल्या.

मार्लीसने ब्रिझब्वांकडे पाहिलं. ब्रिझब्वांनी मार्लीसकडे पाहिलं.

“होय,” मार्लीस म्हणाली.

“होय, होय,” ब्रिझब्वा म्हणाले.

बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला, हळू. पुन्हा दोन होय आले. बाईंच्या डोळ्यांत ती जुनी ओळखीची दया दाटून आली आणि सवयीने त्या इंग्रजीवर आल्या. “बरं, बरं. इंग्रजीत बोलू या का आपण? तुमची हरकत नाही ना?”

“अजिबात नाही!” दोघं एकदम ओरडले.

असं इंग्रजी फक्त जन्मापासून बोलणाऱ्यालाच ओरडता येतं.  ब्रिझब्वांनी माइक बंद केला.

“तुला इंग्रजी येतं?” त्यांनी विचारलं.

“मी स्टाइनबाखची आहे, सर! आम्हाला दुसरं काही येतच नाही! तुम्हाला येतं?”

“मी इथून तासाभरावरच्या कॉर्नवॉलचा. आजोबा गेल्यापासून आमच्या घरात कोणी फ्रेंचमध्ये शिंकलेलंसुद्धा नाही.”

“पण ब्रिझब्वा...”

“आडनाव आहे ते, पोरी. आडनाव बोलत नाही.” ते मंचाच्या पायरीवर मटकन बसले. “विभागात कोणीतरी यादीतलं आडनाव पाहिलं आणि वर्ग माझ्या गळ्यात मारला. आम्हा तासिकावाल्यांना नाही म्हणायची सोय नसते. एकदा नाही म्हटलं की पुढच्या सत्रात कोणी विचारत नाही. आणि तू मॅनिटोबाची. मला वाटलं, तिथल्या मूठभर कट्टर फ्रेंचांपैकी असणार. इंग्रजीचा एक शब्द निघाला तर थेट भाषा आयुक्तांकडे तक्रार करशील. जिनेट, आमची ही, पलीकडच्या किनाऱ्यावरची आहे. ती लिहून देते, मी बसमध्ये पाठ करतो. दर सोमवारी मी देवाला विनवायचो, या पोरीला वर्ग सोडायची बुद्धी दे!”

“सोडायलाच आले होते मी तुमच्या खोलीवर!”

“तू खिडकीचं बोललीस!”

“तुमचं पोट माझ्यावर चाललंय असं वाटलं मला! तुमच्यासाठी थांबले मी!”

“आणि मी तुझ्यासाठी शिकवत राहिलो! वर्ग रद्द झाला असता तर त्यांनी मला ग्रंथालयात बसवलं असतं. त्याच पगारात. तिथे शांतता असते!”

डीनबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या.  शेवटी त्या “सॉरी” म्हणाल्या, मग फ्रेंचमध्येही तेच म्हणाल्या. “आता सत्र संपलंच आहे,” त्या मार्लीसला म्हणाल्या. “निदान परीक्षा तरी इंग्रजीत लिही, बाळ. तो तुझा हक्क आहे. पहिल्या दिवसापासून होता.”

“माहीत आहे मॅडम. पण सरांना वाईट वाटलं असतं.”

“मला?” ब्रिझब्वांचा आवाज चिरकला. “तुझा प्रत्येक निबंध उघडताना मी डोळे मिटून प्रार्थना करत होतो, एकदा तरी इंग्रजी निघू दे!”

परीक्षेच्या दिवशी त्याच सभागृहात ती दोघंच होती. ब्रिझब्वा खुशीत होते. त्यांनी तिला पेपर दिला, स्वतःसाठी थर्मासमधून चहा ओतला आणि मस्त इंग्रजीत म्हणाले, “लिही आता बिनधास्त.”

मार्लीसने पहिला प्रश्न वाचला. उत्तर तिला येत होतं. तिने पेन टेकवलं आणि ते तिथेच राहिलं. मग दुसरा प्रश्न वाचला, तोही येत होता. पेन तिथेच.

“सर,” थोड्या वेळाने ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, “सरासरीपासून आकडे किती लांब भरकटलेत ते आपण काढतो ना, त्याला इंग्रजीत काय म्हणतात?”

ब्रिझब्वांनी त्याचं फ्रेंच नाव चटकन सांगितलं.

“ते मलाही येतं. इंग्रजीत?”

ब्रिझब्वांचा कप हवेत थांबला. त्यांनी छताकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. “मी कालव्यांच्या इतिहासाचा माणूस आहे गं,” शेवटी ते म्हणाले. “हे सगळं मला जिनेटनेच शिकवलं. फ्रेंचमध्ये. इंग्रजीत मी हा विषय कधी शिकलेलोच नाही.”

अर्धा तास मार्लीस कोऱ्या कागदाकडे बघत बसली. तिला मेमधली नोकरी दिसत होती, चर्चमध्ये खाली मान घालून बसलेले वडील दिसत होते. जन्मापासूनची भाषा ऐन वेळी कामाला येईना, यापेक्षा वाईट काय असतं? शेवटी तिने सुस्कारा सोडला आणि फ्रेंचमध्ये लिहायला घेतलं. मोडकं, वाकडं, पण लिहीत सुटली ती वेळ संपेपर्यंत.

पेपर एकच होता, म्हणून ब्रिझब्वांनी तिथल्या तिथे तपासला. मार्लीस कोट हातात धरून उभी राहिली. त्यांनी बेरीज केली, पुन्हा केली, चष्मा काढला.

“सॉरी, मार्लीस,” ते इंग्रजीत म्हणाले. “दोन गुण कमी पडले.”

“सॉरी, सर,” मार्लीस इंग्रजीत म्हणाली. डोळे भरून आले होते. तिने एक हातमोजा घातला. दुसरा घालता घालता तिची नजर पेपरावरच्या तांबड्या फुलीवर गेली. चौथ्या प्रश्नाला. त्या प्रश्नातला एकही शब्द तिला इंग्रजीत माहीत नव्हता, म्हणून नाइलाजाने तिने फ्रेंचमध्ये विचारलं, “हे चूक का?”

“कारण नमुना लहान आहे,” ब्रिझब्वाही फ्रेंचवर आले.

“लहान नाही.”

“लहान आहे.”

“नाही! आपण चूक!” मार्लीस म्हणाली. इंग्रजीत तिला ‘मला वाटतं, कदाचित माझाच गैरसमज असेल, पण’ असलं पुष्कळ काही येत होतं. फ्रेंचमध्ये त्यातलं एकही तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिथे तिच्याकडे नुसती छोटी छोटी वाक्यं होती. “आपण फळ्यावर लिहिले! फेब्रुवारीत! आपण खोकत होतात!”

“मी असे लिहिले नाही!”

“लिहिले! वही काढा! वाचा!”

“हे... हे योग्य नव्हे!”

“योग्य आहे! वाचा! आता!”

ब्रिझब्वांनी बॅगेतून जिनेटच्या अक्षरातलं टिपण काढलं. वाचलं. ओठ हलवत पुन्हा वाचलं. मग तांबडी फुली खोडली, बाजूला दोन गुण लिहिले आणि नव्याने बेरीज केली.

“वर्ग उत्तीर्ण झाला आहे,” ते फ्रेंचमध्ये म्हणाले.

मार्लीस खाली बसली. आपण कोणावर ओरडलो हे आता कुठे तिच्या लक्षात आलं, आणि कान लाल झाले.

“इंग्रजीत हे विचारलं असतंस ना,” ब्रिझब्वा चहाचा थर्मास बॅगेत कोंबत इंग्रजीत म्हणाले, “तर मी सांगितलं असतं, फेरतपासणीला लेखी अर्ज कर, दोन प्रतींत, निर्णय जूनमध्ये. ते नियम मला तोंडपाठ आहेत. फ्रेंचमध्ये मला त्यातलं काहीच म्हणता येईना.”

“इंग्रजीत मी विचारलंच नसतं, सर. सॉरी म्हणून घरी गेले असते.”

ब्रिझब्वांनी बॅगेचा पट्टा लावला. पुन्हा काढला. पुन्हा लावला.

“डीनबाईंचा सकाळी फोन आला होता,” ते म्हणाले. “शंभर टक्के हजेरी आहेच, निकालही शंभर टक्के लागला तर सोन्याहून पिवळं, म्हणाल्या. पुढच्या वर्षीही हा वर्ग मलाच देणार म्हणतायत.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? थँक यू म्हणालो.” ते जरा घुटमळले. “वरच बसल्यात त्या आता, तिसऱ्या मजल्यावर. तू येतेस का माझ्याबरोबर दोन मिनिटं? फ्रेंचमध्ये ‘नाही’ म्हणायला?”